अकरा पुस्तकं आणि प्रत्येकाचं चौथं प्रकरण

प्रश्न: मी हिशेब विभागात काम करते, महिनाअखेरीला बारा फायलींतून थकबाकी हातानं एका यादीत आणते. वय ३४. दीड वर्षापूर्वी वेब डेव्हलपमेंट शिकायचं मनावर घेतलं. तेव्हापासून कपाटात आणि लॅपटॉपवर मिळून अकरा पुस्तकं जमली: रिअ‍ॅक्टची (जावास्क्रिप्टमध्ये वेबपानं बांधायचं साधन) चार, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची तीन, एचटीएमएल-सीएसएसची (वेबपानाचा सांगाडा आणि रूप) दोन, सी या जुन्या भाषेचं एक आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचा एक जाडजूड ठोकळा (सोबत यादी जोडली आहे). प्रत्येक पुस्तक हौसेनं उघडते आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी गाडी अडते. मग वाटतं, पुस्तकच चुकलं, आणि पुढचं शोधायला लागते. कोणी सांगतं आधी सी कर, कोणी म्हणतं पायथॉन, कोणी म्हणतं थेट रिअ‍ॅक्टला हात घाल. भाचा म्हणतो, आता पुस्तकं कोण वाचतं, एआयला विचार. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. नेमकं कोणतं पुस्तक घेऊ? आणि वाचताना वहीत नोट्स काढाव्यात का?
– बारावं पुस्तक शोधणारी

उत्तर: ताई, तुमची यादी मी दोनदा वाचली. प्रत्येक पुस्तकापुढे तुम्ही शेरा लिहिला आहे: ‘वाचलं’, ‘निम्मं वाचलं’, ‘कंटाळा आला’, ‘छान वाटलं पण पुढे कळेना’. ‘अमुक उदाहरण सुटलं नाही’ असा शेरा अकरांत एकाही पुस्तकापुढे नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. यादीतली काही पुस्तकं खरोखरच चुकलेली आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण चौथ्या प्रकरणाशी तुमचं जे होतं ते बारावं पुस्तक आणूनही होईल.

कारण पहिली तीन प्रकरणं नुसती वाचून कळतात. व्हेरिएबल म्हणजे मूल्य ठेवायचा, नाव दिलेला डबा, अंक वेगळे आणि अक्षरं वेगळी, ‘इफ’ म्हणजे ‘जर’. माणूस मान डोलावत पुढे जातो. तुमच्या एक्सेलमध्ये हे सगळं रोज असतंच. चौथ्याच्या आसपास लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) आणि फंक्शन (नाव देऊन हवा तेव्हा वापरायचा कोडचा तुकडा) येतात आणि तिथून पुढे मान डोलावून भागत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. थकलेल्या बिलांची बेरीज करायची आहे. पुस्तकात तीन ओळी असतात. पहिली: ‘एकूण’ला शून्य द्या. दुसरी: यादीतली रक्कम एकेक करून घ्या. तिसरी: ती ‘एकूण’मध्ये मिळवा. वाचताना यात न कळण्यासारखं काहीच नाही. आता पुस्तक मिटा आणि हाच प्रोग्रॅम स्वतः लिहा, फक्त तीस दिवसांपेक्षा जुनी बिलंच धरा. लिहिताना पहिला प्रश्न पडेल तो असा, की ‘एकूण’ला शून्य द्यायची ओळ लूपच्या बाहेर ठेवायची की आत? आत ठेवली तर प्रोग्रॅम कुरकुर करत नाही, एररही देत नाही. निमूटपणे चालतो आणि बेरीज म्हणून फक्त शेवटच्या बिलाचा हिशेब हातात ठेवतो: ते जुनं असेल तर त्याची रक्कम, नसेल तर शून्य. कारण प्रत्येक फेरीला ‘एकूण’ पुन्हा शून्य होत जातं. ही चूक एकदा स्वतःच्या हातानं केली, अर्धा तास डोकं खाजवलं, प्रत्येक फेरीत ‘एकूण’ छापून पाहिलं, की लूप अंगात मुरतो. वाचून मुरत नाही. मी शिकवलेल्यांपैकी कोणाचाच मुरलेला पाहिला नाही, माझा स्वतःचाही मुरला नव्हता.

म्हणून पुस्तक निवडायची माझी परीक्षा मुखपृष्ठाशी, तारांकनांशी किंवा ‘अमुक दिवसांत शिका’शी संबंधित नाही. कोणतंही पुस्तक घेण्याआधी त्यातलं लूपचं प्रकरण मिळवा. बहुतेक प्रकाशक एखादं प्रकरण मोफत दाखवतात, काही पुस्तकं तर पूर्णच मोफत वाचता येतात. ते प्रकरण दोन संध्याकाळी घेऊन बसा आणि त्यातला कोड कॉपी-पेस्ट न करता हातानं टाइप करा. टाइप करताना कंस सुटेल, अवतरणचिन्ह राहील, एरर येईल. त्या वेळी पुस्तक काय करतं ते पाहा. चांगल्या पुस्तकाचा लेखक या चुका आधीच ओळखून असतो. ‘इथे अशी एरर येईल, तिचा अर्थ असा’ असं तो सांगून ठेवतो. वाईट पुस्तकात सगळा कोड पहिल्या फटक्यात चालतो, जणू लेखकाच्या मशीनवर आयुष्यात कधी लाल अक्षरं आलीच नाहीत.

मग प्रकरणाच्या शेवटचे स्वाध्याय पाहा. ‘लूपची व्याख्या लिहा’, ‘लूपचे प्रकार सांगा’ असे प्रश्न असतील तर ते पुस्तक परीक्षेच्या तयारीसाठी काढलेलं आहे, तुमच्या उपयोगाचं नाही. ‘वरचा प्रोग्रॅम असा बदला की…’ अशा धाटणीचे प्रश्न हवेत.

तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून एक खास कसोटी सुचवतो. पायथॉनला किंवा जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. तुमच्या खात्यात असा ताळेबंद कोणी आणला तर त्याचं काय होईल ते तुम्हीच जाणता. पण संगणक अपूर्णांक दोनच्या पायात (० आणि १ या दोनच अंकांत) साठवतो आणि तिथे ०.१ नेमका बसतच नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश कधीच पुरा लिहून होत नाही. म्हणून पैशांचा हिशेब करणारे प्रोग्रॅमर रक्कम सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवतात किंवा दशांशासाठी वेगळी सोय वापरतात. तुमच्या पुस्तकात याचा उल्लेख कुठे आहे का ते शोधा. दोन ओळी असल्या तरी चालतील. ज्या लेखकाला हे सांगावंसं वाटलं त्यानं खरे प्रोग्रॅम लिहिलेले असतात, एवढा विश्वास मी ठेवतो.

आता पुस्तकाच्या वयाकडे येऊ. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पायथॉन मी एका जुन्या पुस्तकावरून शिकायला घेतलं. पहिल्याच पानावर ‘प्रिंट’ (पडद्यावर उमटवायची आज्ञा), मग मोकळी जागा, मग अवतरणात वाक्य. मी जसंच्या तसं टाइप केलं तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची चूक. एकेरी अवतरण टाकून पाहिलं, दुहेरी टाकून पाहिलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की पुस्तक पायथॉन २ चं होतं आणि माझ्या मशीनवर पायथॉन ३. तिसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ हे फंक्शन झालं आणि त्याला कंस लागतो. पायथॉन ३ आलं २००८ च्या डिसेंबरमध्ये आणि पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे मधली अकरा वर्षं दोन्ही तऱ्हेची पुस्तकं शेजारी शेजारी विकली जात होती. माझ्या पुस्तकाच्या आतल्या पानावर नवं वर्ष छापलेलं होतं, पण ते पुनर्मुद्रणाचं. आवृत्तीचं वर्ष त्याच्याखाली बारीक अक्षरांत होतं. पाहायचं ते आवृत्तीचं वर्ष.

वेबची पुस्तकं तर याहून लवकर शिळी होतात, आणि ती दिसायला ताजीच दिसतात हा आणखी वांधा. तुमच्या यादीतलं एचटीएमएल-सीएसएसचं रंगीत, देखणं पुस्तक, जॉन डकेट यांचं, २०११ चं आहे. दिसायला त्याच्या तोडीचं पुस्तक या विषयात मी पाहिलेलं नाही, आणि टॅग म्हणजे काय, रंग कसे द्यायचे, फॉर्म कसा करायचा याची प्रकरणं आजही खुशाल वाचा. पण पानाची मांडणी त्यात ‘फ्लोट’ (खोका डाव्या-उजव्या कडेला सरकवून बाकीचा मजकूर बाजूनं वाहू देणं) वापरून शिकवली आहे, कारण तेव्हा दुसरी धड सोय नव्हती. सीएसएस ग्रिड, म्हणजे पानावर ओळी-रकान्यांची जाळी आखायची सोय, मोठ्या ब्राउझरांमध्ये आलं २०१७ च्या मार्चमध्ये. आज दोन रकाने शेजारी बसवायला फ्लोटशी झटापट करणं म्हणजे लिफ्ट असलेल्या इमारतीत दोरीवरून चढणं आहे. मांडणीचं प्रकरण सोडून द्या.

जावास्क्रिप्टमध्ये मोठा बदल २०१५ ला झाला. त्या वर्षी भाषेत ‘लेट’, ‘कॉन्स्ट’ (व्हेरिएबल जाहीर करायची नवी पद्धत), अ‍ॅरो फंक्शन, मॉड्यूल असं बरंच काही एकदम आलं. २०१७ मध्ये ‘असिंक-अवेट’ (वाट पाहावी लागणारी कामं सरळ ओळींत लिहायची सोय) आलं. तेव्हा पुस्तकाच्या मागची शब्दसूची उघडा. सगळीकडे व्हेरिएबल जाहीर करायच्या जुन्या ‘व्हार’चंच राज्य असेल आणि ‘अवेट’चा पत्ता नसेल, तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, पहिलं पुस्तक म्हणून ते नको. शब्दसूचीच नसलेलं पुस्तक मी सहसा घेत नाही. जरा हट्टीपणा आहे, पण सूची तयार करायचा कंटाळा केलेल्यांनी मजकुरातही कुठेतरी कंटाळा केलेला असतो असा माझा अनुभव आहे.

डेटाबेसचं काही शिकवणारं पुस्तक असेल तर एकच गोष्ट तपासा. वापरणाऱ्यानं रकान्यात जे टाइप केलं ते उचलून थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या) वाक्यात जोडायला शिकवलंय का? तसं असेल तर पुस्तक मिटा. त्या रकान्यात कोणी नावाऐवजी आज्ञा लिहिली तर तुमचा डेटाबेस ती इमानेइतबारे पाळेल. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि ते टाळायचा मार्ग, म्हणजे मूल्यं वाक्यापासून वेगळी पाठवणं, मुळीच अवघड नाही. जे लेखक नवशिक्याला आधी चुकीचं शिकवून ‘सुरक्षिततेचं पुढे पाहू’ म्हणतात त्यांचा मला राग येतो, कारण पुढचं कोणी पाहत नाही.

मात्र जुनं म्हणून सगळंच टाकाऊ नसतं. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात, एसक्यूएल, फंक्शन कसं तोडावं, माहिती यादीत ठेवावी की किल्ली-मूल्याच्या जोडीत, हे फारसं बदललेलं नाही. तुमच्याकडचं सीचं पुस्तक कर्निघन आणि रिची यांचं आहे. १९७८ ची पहिली आवृत्ती, १९८८ ची दुसरी, पानं तीनशेच्या आत, आणि दोघांपैकी रिचींनी तर ती भाषाच घडवलेली. नवी भाषा शिकताना पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवायची जी चाल पडली ती त्याच पुस्तकामुळे घरोघरी पोचली. अजून वाचण्यासारखं आहे. पण वाचकाला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं हे गृहीत धरूनच लेखक बोलतात, त्यामुळे तिथे अडलात यात तुमचा काही दोष नाही. ते वरच्या फळीवर राहू द्या. दोन वर्षांनी काढाल तेव्हा आवडेल.

जावास्क्रिप्टचा ठोकळा, ज्याच्या मुखपृष्ठावर गेंडा आहे, तो कोश आहे. पाठ्यपुस्तक नव्हे. शब्दकोश अ पासून वाचायला घेतला तर चौथ्या पानावर झोप येणारच. तो हाताशी ठेवा, अडलं की चाळा.

रिअ‍ॅक्टची चारही पुस्तकं सध्या बंद. रिअ‍ॅक्ट वाईट म्हणून नव्हे. जावास्क्रिप्ट न येता रिअ‍ॅक्ट वाचलं की कळत नाही, चुकलं ते जावास्क्रिप्टचं की रिअ‍ॅक्टचं. शिवाय या चारांपैकी दोन २०१९ च्या आधीची आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टमध्ये ‘हूक’ (साध्या फंक्शनमध्येच माहिती सांभाळायची सोय) आले आणि कोड लिहायची सगळी धाटणी बदलली. उरलेल्या दोनांत प्रकल्प सुरू करायला जे ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ वापरलंय ते २०२५ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टवाल्यांनीच निवृत्त केलं. अशा साधनांसाठी पुस्तकापेक्षा त्यांची अधिकृत माहितीपानं बरी. साधन बदललं की तीही बदलतात.

मग घ्यायचं काय? काहीच घ्यायचं नाही. तुमच्या तीन पायथॉन पुस्तकांत अल स्वायगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन’ आहे. यादीत त्यापुढे तुम्ही ‘सोपं वाटलं म्हणून ठेवून दिलं’ असं लिहिलंय. तेच काढा. वेब शिकायचंय आणि हा पायथॉनकडे का वळवतोय, असं वाटेल. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, कारण ब्राउझरमध्ये चालते ती जावास्क्रिप्टच, तिला बगल देता येत नाही. पण तुमची गाडी वेबवर अडलेली नाही, लूपवर अडली आहे, आणि लूप दोन्हीकडे तोच. त्या पुस्तकाच्या उत्तरार्धात एक्सेलच्या फायली प्रोग्रॅममधून उघडणं, वाचणं, लिहिणं यावर आख्खं प्रकरण आहे. म्हणजे स्वाध्याय शोधायला तुम्हाला कुठे जावं लागणार नाही, ते तुमच्या टेबलावर रोज येऊन पडतात. महिनाअखेरीला बारा फायलींतून थकबाकी एका यादीत आणायचं काम तुम्ही हातानं करता असं लिहिलंय. हा तुमचा पहिला प्रकल्प. उत्तर बरोबर आलं की नाही हे पुस्तकाला विचारायची गरज नाही, तुम्हालाच माहीत असतं. फक्त मूळ फायलींना हात लावू नका, त्यांच्या प्रती काढून त्यांच्यावर प्रयोग करा. आणि एक्सेलचं प्रकरण गाठायच्या घाईत भाषेची आधीची प्रकरणं उडवू नका.

याच्या जोडीनं आठवड्यातून एक बैठक एचटीएमएल-सीएसएससाठी ठेवा. त्याला पुस्तकाची गरज नाही, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं एमडीएन हे माहितीचं संकेतस्थळ मोफत आहे आणि अद्ययावत असतं. तीच थकबाकीची यादी एका पानावर तक्त्यात मांडा, मग तिला शीर्षक द्या, मग मोबाइलवर उघडून पाहा.

एवढं झाल्यावर जावास्क्रिप्टकडे वळा, आणि तेव्हा ‘इलोक्वंट जावास्क्रिप्ट’ हे पुस्तक घ्या. लेखकाच्या साइटवर पूर्ण मोफत वाचता येतं, चौथी आवृत्ती २०२४ ची आहे, कोड तिथेच चालवून पाहता येतो. पण आधीच सांगून ठेवतो, त्याचंही चौथं प्रकरण चढणीचं आहे. त्यात अधूनमधून खारीचं रूप घेणारा एक माणूस आहे आणि तो कशामुळे खार होतो हे शोधायला लेखक त्याच्या रोजनिशीतून सहसंबंध काढायला लावतो. मजेदार आहे, पण आज उघडलंत तर यादीत ‘छान वाटलं पण पुढे कळेना’ असा आणखी एक शेरा वाढेल. बिलांच्या लूपशी चार महिने कुस्ती खेळून गेलात तर सुटेल.

इंग्रजी सावकाश वाचता हे या कामात आडवं येत नाही. कोड सावकाशच वाचायचा असतो, आणि तांत्रिक पुस्तकांचं इंग्रजी त्याच त्या शब्दांभोवती फिरतं. दुसरं पुस्तक पहिल्याच्या निम्म्या वेळात वाचून होतं. एक मात्र करा. प्रत्येक परिच्छेद झाला की तो मराठीत मोठ्यानं स्वतःला सांगा. ‘हा लूप यादीतल्या एकेका बिलाला हातात घेतो आणि तारीख बघतो.’ सांगताना जिथे अडखळाल तिथेच कळलेलं नसतं. एरर मात्र इंग्रजीतूनच पूर्ण वाचायची, शेवटच्या ओळीपासून वर. पायथॉनमध्ये कामाचं सगळं तळाशी असतं.

भाच्याचंही सगळंच खोटं नाही. एररचा अर्थ विचारायला, ‘हे जरा वेगळ्या शब्दांत सांग’ म्हणायला एआय उत्तम आहे. पण स्वाध्याय त्याच्याकडून सोडवून घेतलात तर व्यायाम त्याचा होईल. आधी वीस मिनिटं स्वतः झुंजा, मग तुमचा चुकलेला कोड दाखवून ‘उत्तर देऊ नकोस, कुठे पाहू तेवढं सांग’ असं विचारा. शिवाय ते कधी कधी अस्तित्वात नसलेलं फंक्शनही ठणकावून सांगतं. ते ओळखायला थोडं स्वतःला यावं लागतं.

आणि वही. पुस्तकातल्या व्याख्या उतरवून काढायला नको, त्या पुस्तकात आहेतच. वहीत तीन रकाने आखा: आलेली एरर, मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं. ‘एकूण’चं शून्य लूपच्या आत पडलेलं सापडेल ती तुमची पहिली नोंद. तिथे एररच्या रकान्यात रेघ मारा, कारण तेव्हा एरर आलेलीच नसेल.